नलिकेतला कॅन्सर बाहेर कधी पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंच्या ताईंचं वय ५२. मॅमोग्राफीत बारीक पांढरे ठिपके दिसले म्हणून सुईने बायॉप्सी केली आणि रिपोर्ट आला, 'डक्टल कार्सिनोमा इन सिटू, इंटरमीजिएट ग्रेड, इआर पॉझिटिव्ह'. म्हणजे दुधाच्या नलिकेच्या आतच असलेला कॅन्सर, पेशींचा बिघाड मध्यम, आणि पेशींत इस्ट्रोजेन या हार्मोनचे रिसेप्टर. एका डॉक्टरांनी सांगितलं, हा पसरलेला कॅन्सर नाही, घाबरू नका. दुसऱ्यांनी सांगितलं, ऑपरेशन लांबवू नका. मग त्यांनी स्वतः वाचायला घेतलं, तर यातले बरेच आयुष्यभर जागच्या जागीच राहतात असं दिसलं. म्हणून त्या विचारतात: कोणते बाहेर पडतात, कसे पडतात, आणि हे आज कोणाला नक्की सांगता येतं का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्तनाच्या बायॉप्सी बघून रिपोर्ट देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर मायक्रोस्कोपच्या बाजूने देते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, एका ठरावीक बाईच्या बाबतीत नक्की कोणालाच सांगता येत नाही. पण ते का सांगता येत नाही, हे गेल्या वीसेक वर्षांत बरंच उलगडलंय. ते समजून घेतलं की दोन डॉक्टर दोन गोष्टी का बोलले हेही समजतं.

आधी जागा कशी आहे ते बघू. स्तनातल्या दुधाच्या ग्रंथींपासून स्तनाग्रापर्यंत बारीक नलिका जातात. अशी नलिका आडवी कापून स्लाइडवर घेतली की गोल कडं दिसतं. आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. त्याला बाहेरून चिकटून मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा थर. या पेशी स्नायूंसारख्या आवळतात आणि बाळ पीत असताना दूध पुढे ढकलतात. त्यांच्या बाहेर आधारपटल, म्हणजे लॅमिनिन आणि टाइप ४ कोलॅजन अशा प्रथिनांचा अतिशय पातळ पडदा. पडद्याच्या बाहेर स्ट्रोमा: तंतू, चरबी, रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी.

डक्टल कार्सिनोमा इन सिटू, थोडक्यात डीसीआयएस, यात आतल्या थराच्या पेशी बेसुमार वाढून नलिका भरून टाकतात, पण पडदा ओलांडत नाहीत. नलिकेच्या आत रक्तवाहिनी नसते. मधल्या पेशींना ऑक्सिजन मिळतो तो बाहेरून झिरपून, आणि शंभर-दोनशे मायक्रॉनपलीकडे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तो पुरत नाही. नलिका फुगत गेली की मधल्या पेशी मरतात आणि त्या मेलेल्या पेशींच्या ढिगात कॅल्शियम साचतं. मॅमोग्राफीतले पांढरे ठिपके बऱ्याचदा हेच असतात. आत रक्तवाहिनी नाही याची दुसरी बाजू रुग्णाच्या फायद्याची आहे. आतल्या पेशीला काखेतल्या गाठींकडे किंवा फुप्फुसाकडे जायला वाटच नाही. म्हणून याला स्टेज ० म्हणतात आणि म्हणूनच पहिले डॉक्टर घाबरू नका म्हणाले. त्याच पेशी पडद्याबाहेर पडल्या की स्टेज बदलते, उपचार बदलतात, पुढचं सगळंच बदलतं.

पेशी बाहेर पडल्यात की नाही हे ठरवणं हा माझ्या कामातला सगळ्यात जोखमीचा भाग. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर कधी कधी नलिकेच्या कडेला चार-दोन पेशींचे पुंजके दिसतात. भोवती सूज असते, लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, जमलेले असतात. नलिका तिरकी कापली गेल्यामुळे ते सुटे दिसताहेत की खरंच बाहेर आलेत, हे तेवढ्यावरून ठरवता येत नाही. मग मी त्याच ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यातून, आणखी खोलवरचे काप मागवते आणि पी६३ आणि मायोसिन या मायोएपिथेलियल पेशींतल्या प्रथिनांसाठी विशेष स्टेनिंग, म्हणजे रंगलेपन, करून घेते. पी६३ मायोएपिथेलियल पेशींची केंद्रकं तपकिरी करतो. पुंजक्याच्या कडेने तपकिरी ठिपके दिसले, अगदी विरळ दिसले, तरी पेशी अजून आत आहेत. दोन्ही स्टेनमध्ये कडेला काहीच नसेल आणि पेशी सरळ तंतूंमध्ये शिरलेल्या असतील, तर त्या बाहेर आहेत. बाहेरचा भाग १ मिलिमीटरपर्यंत असेल तर रिपोर्टमध्ये मायक्रोइनव्हेजन लिहितात. त्याहून मोठा असेल तर तो इनव्हेजिव्ह कार्सिनोमा.

ताईंच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट इथेच सांगते. सुईच्या बायॉप्सीत रोगट भागाच्या फक्त काही बारीक काड्या येतात. सुईत नुसता डीसीआयएस दिसलेल्या साधारण चारपैकी एका बाईच्या बाबतीत, ऑपरेशननंतर पूर्ण भाग तपासला की त्यात इनव्हेजिव्ह कॅन्सरही सापडतो. तो मधल्या काळात झालेला नसतो. तो आधीपासून शेजारीच असतो, सुई तिथपर्यंत गेलेली नसते. दुसरे डॉक्टर ऑपरेशन लांबवू नका म्हणाले त्यामागे हे मोठं कारण आहे, आणि इंटरनेटवर 'जागच्या जागी राहतात' असं वाचताना नेमकं हेच नजरेतून सुटतं.

आता त्या 'जागच्या जागी राहतात'कडे. हे तपासायचा सरळ मार्ग म्हणजे काहीच उपचार न करता बघत राहणं, आणि तसं मुद्दाम कोणी करणार नाही. नकळत घडलेला एक अभ्यास मात्र आहे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड पेज यांच्या गटाने १९५० ते १९६८ या काळातल्या ११,७६० बायॉप्सींच्या जुन्या स्लाइड पुन्हा बघितल्या. त्या वेळी काही वाईट नाही असं म्हणून घरी पाठवलेल्या बायकांपैकी २८ जणींना आजच्या निकषांनी लो ग्रेड डीसीआयएस होता. बायॉप्सीपलीकडे त्यांना कसलाच उपचार मिळाला नव्हता. पुढे त्यांतल्या ११ जणींना इनव्हेजिव्ह कॅन्सर झाला. अकराही जणींना त्याच स्तनात, स्तनाच्या त्याच भागात. बहुतेकींना दहा-बारा वर्षांच्या आत, पण तिघींना २३ ते ४२ वर्षांनी. अकरापैकी पाच जणी त्याच कॅन्सरने गेल्या.

आकडा लहान आहे, पण मी या अभ्यासाकडे पुन्हा पुन्हा वळते. डीसीआयएसचा हा सगळ्यात सौम्य प्रकार. उपचार न करता अर्ध्याहून जास्त बायकांना त्याने काही केलं नाही. आणि ज्यांना केलं, त्यांच्यात काहींना चाळीस वर्षांनी केलं. म्हणजे 'पाच वर्षं काही झालं नाही, आता सुटलो' असं या आजारात म्हणता येत नाही. दुसऱ्या कारणांनी वारलेल्या बायकांची शवविच्छेदनं तपासली तर शेकडा नऊच्या आसपास बायकांत, हयातीत कधीच लक्षात न आलेला डीसीआयएस सापडतो. अभ्यासागणिक हा आकडा बराच हलतो, पण एवढं नक्की की शांत पडून राहणारा डीसीआयएस ही काल्पनिक गोष्ट नाही.

उपचार घेतलेल्या बायकांचं चित्र खूपच आश्वासक आहे. स्टीव्हन नॅरॉड आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अमेरिकेतल्या १,०८,१९६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानानंतर २० वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू ३.३ टक्के. पस्तिशीच्या आत निदान झालेल्यांमध्ये हे प्रमाण ७.८ टक्के. हा ३.३ चा आकडा 'काही केलं नाही तरी चालतं' म्हणून वापरला जातो तेव्हा मला अस्वस्थ वाटतं, कारण यातल्या बहुतेक सगळ्याच बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. रेडिएशनच्या चाचण्यांची एकत्रित आकडेवारी २०१० साली आली. नुसता रोगट भाग काढला तर १० वर्षांत त्याच स्तनात पुन्हा आजार होण्याचं प्रमाण २८.१ टक्के, रेडिएशन दिलं तर १२.९. परत येणाऱ्यांत साधारण निम्मे इनव्हेजिव्ह असतात. एवढा फरक पडूनही मृत्यूचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखंच राहिलं.

आता मूळ प्रश्न: पेशी बाहेर कशा पडतात?

बरीच वर्षं आम्ही हे पायऱ्यांनी शिकलो आणि शिकवलं. साधी पेशी, मग अॅटिपिकल (वेगळी दिसणारी, पण अजून कॅन्सर नसलेली), मग डीसीआयएस, मग इनव्हेजिव्ह. प्रत्येक पायरीला एक नवं म्यूटेशन, म्हणजे जनुकातला बदल. हे खरं असेल तर शेवटच्या पायरीचं म्यूटेशन शोधायचं, त्याची टेस्ट काढायची, आणि प्रश्न सुटला. ते म्यूटेशन खूप शोधलं गेलं. सापडलं नाही. २००३ साली बोस्टनमधल्या डेनिस स्ग्रॉई यांच्या गटाने एकाच रुग्णाच्या डीसीआयएस आणि इनव्हेजिव्ह पेशींमधल्या हजारो जनुकांची तुलना केली. दोन्हींमध्ये कमालीचं साम्य निघालं. हाय ग्रेड आणि लो ग्रेड यांच्यात जेवढा फरक होता, त्यापुढे 'आत' आणि 'बाहेर' यांच्यातला फरक किरकोळ होता. पीआयके३सीए, टीपी५३, गाटा३ अशी इनव्हेजिव्ह कॅन्सरची ओळखीची म्यूटेशन डीसीआयएसमध्येही सापडतात. हर२ची गोष्ट तर उलटीच आहे. हे जनुक इनव्हेजिव्ह कॅन्सरपेक्षा हाय ग्रेड डीसीआयएसमध्ये जास्त प्रमाणात वाढलेलं दिसतं. पायऱ्यांच्या हिशेबात हे बसत नाही.

२०१८ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या निक नेव्हिन यांच्या गटाने जे केलं ते मला तंत्र म्हणूनही सुंदर वाटतं. त्यांनी १० अशा रुग्णांचे तुकडे घेतले ज्यांच्यात डीसीआयएस आणि इनव्हेजिव्ह भाग एकाच ठिकाणी होते. मायक्रोस्कोपखाली लेझरने एकेक पेशी कापून उचलली, ती नलिकेच्या आत होती की बाहेर याची जागा नोंदवली आणि मग प्रत्येकीचा जीनोम स्वतंत्रपणे वाचला. एकूण १,२९३ पेशी. नेहमी पेशींचा लगदा करून सरासरी काढतात. त्यात कोणती पेशी कुठली होती हे पुसून जातं. इथे पत्ता शाबूत राहिला. एखाद्याच खास वंशाच्या पेशीने नवं म्यूटेशन मिळवून पडदा फोडला असता, तर बाहेरच्या सगळ्या पेशी त्या एका वंशाच्या निघाल्या असत्या. तसं झालं नाही. बाहेर जे पेशीवंश होते तेच आतही होते, आणि काही रुग्णांत एकाहून जास्त वंश बाहेर पडलेले होते. जीनोममधले मोठे फेरफार आत असतानाच होऊन गेले होते.

याचा अर्थ माझ्या मते असा, आणि या सगळ्या उत्तरातलं मुख्य सांगणंही हेच आहे: बऱ्याच डीसीआयएसमध्ये पेशीची जनुकीय तयारी आधीच झालेली असते. ती बाहेर पडते की नाही हे तिच्या भोवतालावर खूप अवलंबून असतं. म्हणून नुसत्या पेशीकडे टक लावून बसलं तर उत्तर मिळत नाही.

भोवतालात पहिला मान मायोएपिथेलियल पेशींचा. बोस्टनच्या डाना-फार्बरमधल्या कॉर्नेलिया पॉलियाक यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांवर दाखवलं की डीसीआयएससारख्या पेशींबरोबर निरोगी मायोएपिथेलियल पेशी ठेवल्या तर त्या पेशी दबून राहतात, आणि स्ट्रोमातले फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) ठेवले तर लवकर बाहेर पडतात. मायोएपिथेलियल पेशी आधारपटल बांधायला हातभार लावतात आणि पडदा विरघळवणाऱ्या एन्झाइमना आवर घालतात. स्लाइडवरचा रोजचा अनुभवही याला जुळणारा आहे. मोठ्या, फुगलेल्या हाय ग्रेड नलिकांभोवती पी६३चे ठिपके विरळ होत जातात. तेव्हा सगळे हेच धरून चालले होते की हा थर जितका फाटका तितका धोका जास्त.

आणि मग २०२२ मध्ये स्टॅनफर्डमधून मायकेल अँजेलो आणि रॉबर्ट वेस्ट यांच्या गटांचा अभ्यास आला. त्यांनी धातूंचे कण जोडलेल्या अँटिबॉडी वापरून एकाच कापावर ३७ प्रथिनं एकाच वेळी बघितली: कोणती पेशी कुठे आहे, तिच्या शेजारी कोण आहे, थर किती जाड आहे. नमुने जपून ठेवलेल्या जुन्या ब्लॉकमधले होते, त्यामुळे कोणत्या बाईला पुढे इनव्हेजिव्ह कॅन्सर झाला आणि कोणाला नाही हे नोंदींवरून माहीत होतं. निकाल अपेक्षेच्या उलट आला. ज्यांना पुढे इनव्हेजिव्ह कॅन्सर झाला, त्यांच्या डीसीआयएसभोवतीचा मायोएपिथेलियल थर जास्त धड होता. ज्यांना झाला नाही, त्यांचा थर जास्त पातळ आणि तुटका होता.

संशोधकांनी सुचवलेलं स्पष्टीकरण असं की थर तुटला की आतल्या पेशी स्ट्रोमातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या नजरेला पडतात, तिथे प्रतिक्रिया उमटते आणि आजार आवरला जातो. थर धड राहिला तर आतल्या पेशी आडोशाला सुरक्षित वाढत राहतात. हे मला पटण्यासारखं वाटतं, पण सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. तपासलेले नमुने ऐंशीच्या आत होते. पॉलियाक यांच्या निष्कर्षाशी याचा सरळ विरोध आहे असंही मला वाटत नाही. माणसाच्या पेशी उंदरात वाढवायच्या तर प्रतिकारशक्ती नसलेले उंदीरच घ्यावे लागतात. त्या उंदरात भिंत तुटली की आतल्या पेशींना अडवणारं कोणी नसतं. बाईच्या शरीरात असतं. त्यामुळे एकच तुटलेली भिंत दोन ठिकाणी दोन वेगळे परिणाम करू शकते. निदान मी तरी या अभ्यासानंतर विरळ झालेला पी६३ बघून मनातल्या मनातही 'हा जाणार बाहेर' असं म्हणत नाही.

भिंतीबाहेरच्या जमिनीचंही महत्त्व आहे. कोलॅजनचे तंतू निरोगी स्तनात मोकळे, नागमोडी असतात आणि नलिकेभोवती वळलेले असतात. विस्कॉन्सिनमधल्या पॅट्रिशिया कीली यांच्या गटाने दाखवलं की आक्रमक गाठींच्या कडेला हे तंतू ताठ होऊन कडेशी काटकोनात उभे राहतात आणि पेशी त्यांच्या आधाराने बाहेर सरकतात. पडदा कापायचं काम एमटी१-एमएमपी नावाचं एन्झाइम करतं. आणि पेशी सहसा एकट्या निघत नाहीत. जॉन्स हॉपकिन्समधल्या अँड्र्यू इवाल्ड यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवलं की घोळक्याने बाहेर पडणाऱ्या पेशींच्या पुढे केरॅटिन १४ हे प्रथिन असणाऱ्या काही पेशी असतात, आणि त्यांचं केरॅटिन १४ काढून घेतलं की घोळका थबकतो. केरॅटिन १४ हे एरवी मायोएपिथेलियल पेशींचं प्रथिन! स्लाइडवर डक्टल कॅन्सरच्या पेशी पट्ट्यांनी आणि पुंजक्यांनी स्ट्रोमात शिरलेल्या दिसतात, त्याचा अर्थ अशा प्रयोगांमुळे लागतो.

आणखी एक निष्कर्ष आहे, तो आकडे वाचायची पद्धतच बदलतो. डीसीआयएस काढल्यावर काही वर्षांनी त्याच स्तनात इनव्हेजिव्ह कॅन्सर झाला, तर आपण गृहीत धरतो की तो त्याच डीसीआयएसमधून आला. अॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ९५ जोड्यांची जनुकीय तपासणी झाली. ७५ टक्क्यांत दोघांचं नातं जुळलं. १८ टक्क्यांत काहीच संबंध नव्हता. तो स्वतंत्र, नवा कॅन्सर होता. उरलेल्यांत ठरवता आलं नाही. म्हणजे 'डीसीआयएस बाहेर पडला' म्हणून मोजलेल्या दर पाच-सहा घटनांतली एक प्रत्यक्षात तशी नसते. डीसीआयएस कोणता बाहेर पडेल हे सांगणारी टेस्ट बनवताना या नव्या कॅन्सरची भेसळ आधी बाजूला काढावी लागेल. काही जुने अंदाज फसले असतील तर त्यात याचाही वाटा असणार.

हा अभ्यास ज्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे त्याचं नाव प्रिसिजन. येले वेसेलिंग हे त्याचे प्रमुख, आणि कॅन्सर रिसर्च यूके व डच कॅन्सर सोसायटी यांनी २०१७ साली त्याला निधी दिला. ध्येय एकच: धोक्याचा आणि निरुपद्रवी डीसीआयएस वेगळा ओळखणं. त्याच्याशी जोडलेल्या तीन चाचण्यांमध्ये कमी धोक्याच्या बायकांना ऑपरेशनऐवजी काळजीपूर्वक देखरेखीखाली ठेवून बघायचं होतं. ब्रिटनमधली लॉरिस पुरेशा बायका सहभागी न झाल्याने लवकर बंद करावी लागली. नेदरलँड्समधल्या लॉर्डमध्ये निवड बायकांवर सोपवावी लागली. चिठ्ठीने ठरणारा उपचार बायकांना नको होता, आणि मला ते अगदी समजू शकतं.

अमेरिकेतल्या कॉमेटचे पहिले निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. ड्यूक विद्यापीठाच्या शेली ह्वांग त्याच्या प्रमुख. ग्रेड १ किंवा २, हार्मोन पॉझिटिव्ह, वय ४० किंवा जास्त, अशा ९५७ बायका. दोन वर्षांत त्याच स्तनात इनव्हेजिव्ह कॅन्सर आढळण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात ५.९ टक्के आणि देखरेखीच्या गटात ४.२ टक्के. ताईंचा ग्रेड आणि इआर बघता हा अभ्यास त्यांच्या दाराशी येतो, म्हणून त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगते. दोन वर्षं हा काळ फार थोडा आहे. नॅशव्हिलच्या त्या बायका आठवा. दोन्ही गटांतल्या बहुतेक बायका हार्मोनविरोधी गोळ्या घेत होत्या. ऑपरेशनच्या गटात नेमलेल्या ४८४ पैकी फक्त २६४ जणींनी प्रत्यक्षात ऑपरेशन करून घेतलं. आणि देखरेख म्हणजे नुसतं थांबणं नव्हतं, दर सहा महिन्यांनी मॅमोग्राफी होती. ती चुकली तर तो उपचार राहत नाही, दुर्लक्ष होतं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. नियमित मॅमोग्राफीचा सार्वत्रिक कार्यक्रम भारतात नाही, बहुतेक बायका हाताला गाठ लागल्यावरच येतात, त्यामुळे निव्वळ डीसीआयएस आमच्या टेबलावर कमी येतो आणि इनव्हेजिव्ह कॅन्सर जास्त. वर सांगितलेल्या संशोधनातले नमुने मुख्यतः अमेरिका-युरोपातले आहेत. आपल्या बायकांच्या जपून ठेवलेल्या, नोंदींशी जोडलेल्या ब्लॉकवर असं काम व्हायला हवं, असं मला फार वाटतं. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर एक मोठी चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा सगळ्या वयांत मिळून मृत्यूंतली घट ठोस म्हणण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले होते. हाताला डीसीआयएस क्वचितच लागतो. तिथे लवकर सापडले ते बाहेर पडलेले, पण अजून लहान असलेले कॅन्सर, आणि जीव वाचले ते त्यामुळे.

ताईंसाठी आता काय? आठवडा-दोन आठवड्यांत काही बिघडत नाही, तेवढा वेळ नीट विचारपूस करायला घ्या. सर्जनना विचारा: ठिपके किती सेंटिमीटरमध्ये पसरलेत, मॅग्निफिकेशन व्ह्यू (मोठे करून काढलेले मॅमोग्राफीचे फोटो) काढलेत का, नलिकेत नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) आहे का, रोगट भाग काढून स्तन राखता येईल का. स्तन राखून ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन ठरलं, तर कडेला २ मिलिमीटर निरोगी भाग मिळाला की पुरेसं धरतात. इआर पॉझिटिव्ह असल्यामुळे टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीचा विषय निघेल. इटलीतल्या एका चाचणीत रोज फक्त ५ मिलिग्रॅम तीन वर्षं देऊनही आजार परतण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, तेव्हा डोसबद्दल जरूर विचारा. ऑपरेशनऐवजी देखरेख हा पर्याय माझ्या मते आज चाचणीच्या चौकटीतच, किंवा दुसरा मोठा आजार असल्यामुळे ऑपरेशनच धोक्याचं असेल तेव्हा, विचारात घ्यावा. ताईंची तब्येत चांगली असेल तर मी ऑपरेशनच्या बाजूने बोलेन.

आणि स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्या, शक्यतो स्तनाचंच काम जास्त करणाऱ्या. यात पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायॉप्सींच्या स्लाइड निदानासाठी दिल्या तेव्हा इनव्हेजिव्ह कॅन्सरवर तज्ज्ञ मंडळाशी ९६ टक्के एकमत झालं, डीसीआयएसवर ८४ टक्के आणि अॅटिपियावर फक्त ४८ टक्के. दुसरं मत घ्यायला जाताना लॅबकडे स्लाइडबरोबर पॅराफिनचे ब्लॉकही मागा, कारण पी६३ पुन्हा लावून बघायचा झाला तर नुसत्या स्लाइडवर काम होत नाही. काम झालं की ब्लॉक परत घेऊन घरी कोरड्या, थंड जागी रिपोर्टबरोबर ठेवा किंवा लॅबकडे जमा करून पोच घ्या. दहा-पंधरा वर्षांनी त्या स्तनात काही निघालंच, तर ते जुनंच आहे की नवं, हे त्या ब्लॉकवरूनच कळेल.